दहा मापं दूध

सकाळी सुनंदाबाईंचा आवाज चढला, की शेजारी ओळखायचे, म्हशींचं उरकलं, आता सुनेची पाळी.

"पाणी घातलंस ना गं?"

"नाही हो आई. देवाशपथ नाही."

"मग दूध वाढलं कसं? वाटेत व्यायलं?"

त्याचं असं झालं. नीरजा तरसालीची, शहरातली पोर. लग्न होऊन पादऱ्याकडच्या या गावात आली. नवरा रिफायनरीत पाळीवर, म्हणून दूध मंडळीवर, म्हणजे गावच्या दूध सोसायटीत, न्यायचं काम तिच्याकडे आलं. सुनंदाबाईंच्या जिवाला घोर. वाटेत सांडेल, कुणाला देईल, काय भरवसा! म्हणून त्या लिटरच्या मापानं दहा मापं मोजून कॅनमध्ये ओतायच्या. मंडळीवर वजन झालं, की फोनवर मेसेज यायचा. नऊ किलो भरले असते तर बाई सुखानं भांडल्या असत्या. पण यायचे दहा किलो तीनशे ग्रॅम. रोजच्या रोज!

वाटेत दोन नळ होते. झालं, बाईंच्या डोक्यात पक्कं बसलं.

"पाण्यापायी मंडळीनं नाव कापलं तर दूध काय ओढ्यात ओतायचं? रविवारी बोलावलंय तुझ्या वडलांना. घेऊन जाऊ देत तुला."

बाप या अंगणात मान खाली घालून उभा राहिलेला नीरजाला बघवला नसता. "एकदा तुम्हीच न्या ना, आई," ती म्हणाली.

बाईंनी नेलं. झाकणावर हात दाबून, कुणाशी न बोलता, नळांकडे ढुंकूनही न बघता. काट्यावर लाल आकडे उमटले. दहा किलो तीनशे.

बाई गार पडल्या. मागे अख्खी लाइन उभी. "रमणभाई, काटा बिघडलाय तुमचा."

मंडळीच्या रमणभाईंनी काट्यावर किलोचं वजन ठेवलं. बरोबर किलो. "काटो बराबर छे, काकी."

"अहो, दहा लिटर मोजून आणलंय मी!"

"लिटरनं मोजलंत?" रमणभाईंना हसू आलं. मग गुजरातीत, सावकाश, लाइनीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं. लिटर म्हणजे भांड्यात मावलं किती ते. किलो म्हणजे वजन. लिटरभर पाणी किलोभर भरतं. दूध त्याहून जड, म्हणून थोडं जास्तच भरतं. त्यात पाणी घातलं तर दर लिटरमागे वजन उलट उतरतं. "तुमचं दूध चोख आहे, काकी. घरी लिटरनं मोजून इथल्या किलोशी ताडता कशाला?"

बाईंनी रिकामा कॅन उचलला.

नीरजा दारातच उभी होती, हातात फोन. मेसेज पोचला होता.

"दहा किलो तीनशे," तिनं वाचलं. "आई, तुम्ही कुठल्या नळावर थांबलात?"

सुनंदाबाईंनी लिटरचं माप खुंटीवरून काढलं आणि तांदळाच्या डब्यात टाकलं. मग सुनेच्या हातून फोन घेऊन तरसालीला लावला.

"व्याही, रविवारी याच. तक्रार? छे हो, तक्रार कसली. बासुंदी करतेय. आमच्या सुनेच्या हातचं दूध चोख असतं, एवढंच सांगायचं होतं."