दारातलं भिंग काळं होतं तेव्हा

मी दारातलं भिंग बोलतंय. हळू बोलतंय, कारण बाहेर कोण कान लावून उभं असेल, नेम नाही. डोळ्याच्या उंचीवर भोक पाडून मला बसवलं, तेव्हापासून माझं काम एकच: आलेल्यावर संशय घेणं.

मालकीणही मला शोभेशीच. कपड्यांच्या कारखान्यात तिनं तीस वर्षं तयार माल तपासला. उसवलेला टाका तिला दुरून दिसायचा, आणि माणसांतही आधी तोच. नवरा आजारी असताना चर्चच्या मंडळीतलं कोणी फिरकलं नाही, हा राग तिनं पोटात धरला. तो गेल्यावर तिनं उपासनेला जाणंच सोडलं. प्रार्थना करायची, पण घरी, एकटी.

मग मात्र मंडळीला पुळका आला! दर रविवारी उपासना सुटली की दोघं दारात हजर. एक सुतार, एक बेकरीवाली. माझ्यातून कोणाचंही नाक भलंमोठं आणि पाय टीचभर दिसतात. तिनं सुताराचं नाव नाकाडोबा ठेवलं आणि बेकरीवालीचं गालफुगी.

"फुकट कोण येतं? घरावर डोळा असणार मेल्यांचा," ती मला डोळा लावून पुटपुटायची. मलाही तसंच वाटायचं.

घंटा वाजायची, दार उघडायचं नाही. तरी सुतार हसून म्हणायचा, "बऱ्या आहात मावशी, छान! येतो हं." गालफुगी पावाची पिशवी कडीला अडकवायची आणि दोघं जिना उतरायची.

हेच आम्हाला खटकायचं. ही तर आत चकार शब्द काढत नाही, मग बरी आहे हे यांना कळतं कसं? "शेजारीण फितूर आहे," तिनं ठरवून टाकलं आणि शेजारणीशी बोलणं बंद केलं.

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात धप्पकन आवाज झाला. मग नुसतं कण्हणं. मला फक्त बाहेरचं दिसतं, आणि हाक मारायला तोंड नाही. जीव टांगणीला लागला.

दुपारी घंटा वाजली. सुतार वाकून माझ्याजवळ आला. त्याचा चेहरा उतरला.

"आज भिंग काळं झालं नाही गं. मावशी बघायला आली की होतं ना? आज उजेड तसाच आहे."

"मग बघतोस काय? तोड दार!" गालफुगी ओरडली.

शरमेनं मेल्यासारखं झालं मला. म्हणजे ती दाराआड उभी असते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं! तरी त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मी काळं झालं की त्यांना तेवढंच पुरायचं.

कंबरेचं हाड मोडलं होतं. दोन महिने गालफुगीनं तिला आंघोळ घातली. सुतारानं दार सांधलं.

"माझा माणूस आजारी होता तेव्हा कुठे होतात रे?" तिनं एकदा विचारलंच.

सुतारानं रंधा खाली ठेवला. "चुकलं, मावशी. म्हणून तर दर रविवारी येत होतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "अगं बाई, नाक तर एवढंसंच आहे की तुझं!"

हल्ली सकाळची प्रार्थना मला ऐकू येते. "प्रभू, नाकाडोबासाठी तुझे आभार. गालफुगीसाठी आभार. शेजारणीला उगाच फितूर म्हटलं, तिच्यासाठीही."

मी अजून संशयीच आहे. धंदाच तो माझा. पण रविवारी घंटा वाजली की ती काठी टेकत येते आणि मुद्दाम मला डोळा लावून उभी राहते.

"झालं गं, काळं झालं!" बाहेरून सुतार म्हणतो.

तेवढं ऐकते आणि मग कडी काढते.