एकच रेघ

सातव्या महिन्यातच बायकोला कळा यायला लागल्या आणि मी, जातिवंत सुतार, कानावरच्या पेन्सिलीसकट तिला घेऊन दवाखान्यात धावलो. दाखल ती झाली. धाप मला लागली. सिस्टरनं आधी खुर्ची मलाच दिली.

"बाळ खरंच निघालंय की उगाच घाबरवतंय, ते बघू," सिस्टर म्हणाली. पडद्याआड कापसाच्या काडीवर तिनं नमुना घेतला, छोट्या नळीतल्या पाण्यात घोळवला आणि खाटेशेजारी त्यात एक पट्टी उभी केली. "धोका दिसला तर लगेच गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात. इतक्या इवल्या जिवाला सांभाळायची सोय इथं नाही."

मी पट्टीवर वाकलो.

"मिस्त्री, मागे सरा. तुमच्या उसाशांनी उडेल ती."

कळ आली की बायको चादर मुठीत धरायची. मी हात पुढे केला, तर म्हणाली, "नको. चादर निदान थरथरत तरी नाही."

हळूच पट्टीवर एक रेघ उमटली. निळी, नाजूक. दुसरीची वाट पाहिली. ती काही आली नाही. मूल होत नव्हतं त्या वर्षांत न्हाणीघराच्या दाराशी उभा राहून मी अशीच दुसरी रेघ मागायचो, आणि दर वेळी एकटीच रेघ आमची बोळवण करायची. एक रेघ म्हणजे नाही. एवढं शिक्षण माझं पक्कं होतं.

मला हुंदका फुटला. हुंदका कसला, गाठीवर रंधा अडकावा तसा आवाज. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"पट्टी नाही म्हणतेय गं," मी म्हणालो. "गेलं सगळं."

बायको पांढरीफटक पडली. सिस्टर धावत आली, पट्टी उजेडात धरली आणि मग वाकड्या बसलेल्या दाराकडे गिऱ्हाईक बघतं तसं माझ्याकडे बघितलं.

"अहो, ही दिवस गेलेत का बघायची पट्टी नव्हे! इथं दोन रेघा म्हणजे धोका. एकच असली म्हणजे बाळ बहुतेक एवढ्यात येत नाही. डॉक्टरबाई तपासतीलच, पण गाडी काही लागायची नाही."

आधी शेजारची बाई हसली, मग सिस्टर. बायको हसता हसता रडू लागली.

"किती शिव्या घातल्यात हो त्या एका रेघेला," ती म्हणाली. "मागा आता माफी."

मी खरंच हात जोडले. सिस्टरनं पट्टी डब्यात टाकली, तरी हात सोडवेनात.