कलम लागलं

बाईचं नाव जाई आणि हौस काट्यांची, हा लालबागच्या त्या चाळीतला जुना विनोद होता. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत इतर बायकांनी तुळस, गवती चहा, फार तर सदाफुली लावलेली. जाईबाईंच्या खोलीपुढे मात्र वनस्पती तुपाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले, आणि त्यांत नाना तऱ्हेचे निवडुंग. गोल, लांब, केसाळ, सुरकुतलेले. एकूण सत्तावीस डबे. वाळत घातलेलं लुगडं उडून त्यांवर पडलं की शेजारच्या राधाबाई ते सोडवता सोडवता जाईबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. वर सांगत, "दारात काटा म्हणजे घरात भांडण. आमच्या सासूबाई अंगणात सुद्धा येऊ देत नसत असली झाडं."

"आमच्यात भांडणं होतात ती निवडुंगामुळे नाहीत, ह्यांच्यामुळे," जाईबाई म्हणत, आणि आत बसलेले शामराव पेपरामागे तोंड लपवत.

शामराव माझगावच्या गोदीत फिटर होते. जाईबाई गिरणीत, वाइंडिंग खात्यात. सूत गुंडाळायचं, आणि तुटलं की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाठ मारून पुन्हा चालू करायचं, हे त्यांचं काम. गाठ अशी बारीक हवी की पुढे कापड विणताना ती कुठे अडू नये. एकवीस वर्षं हेच केल्यामुळे तुटलेलं काही दिसलं की त्यांचे हात गप्प बसत नसत. पोलक्याची शिवण असो की दोन जावांचा अबोला, बाई मध्ये पडायच्याच.

सत्तावीस डब्यांतला एक मात्र असा होता की त्याच्यापुढे उरलेले सव्वीस म्हणजे नुसतं पत्र्याचं सामान. जाईबाईंचा भाऊ भिवा बोटीवर खलाशी होता, त्याने तो जपानच्या कोबे बंदरातून आणून दिला होता. खाली तीनधारी हिरवा दांडा आणि त्याच्या डोक्यावर लिंबाएवढा लालभडक गोळा. फूल नव्हे बरं का, अख्खं झाडच लाल. पहिल्यांदा पाहिला तेव्हा जाईबाईंनी हळूच बोट लावून रंग हाताला लागतो का ते बघितलं होतं.

तो बघायला ठाकूरद्वाराहून रघुवीर पाध्ये मास्तर आले. रिटायर झालेले, गच्चीवर दीडशे कुंड्या, घरात इंग्रजी पुस्तकांचं कपाट. जिना चढून धापा टाकत आले आणि गोळा बघून धाप विसरले. "जाईबाई, ह्याच्यात हिरवेपणा मुळीच नाही," ते म्हणाले. "स्वतःचं अन्न ह्याला करता येत नाही. खालचा दांडा भरवतो तेवढंच खायचं. दांडा गेला की हा गेला. तेव्हा ह्याला पिलं येतील तशी काढा आणि निवडुंगावर कलम करून ठेवा." मग जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाले, "नाहीतर मला देऊन टाका. चाळीत नाही जगायचा तो."

हे शेवटचं वाक्य जाईबाईंच्या मनात कुसळासारखं रुतलं. चाळीत माणसं जगतात, हा का नाही जगायचा?

दोन पिलं आली. जाईबाईंनी गावाहून कुंपणाचा तीनधारी निवडुंग मागवला. तो हुबेहूब त्या जपानी दांड्यासारखाच दिसायचा. त्यावर दोन्ही पिलं बसवली, गिरणीच्या सुताने बांधली. दोन्ही महिन्याभरात सुपारीसारखी वाळून गळून पडली. कुठे चुकलं ते कळेना. मास्तरांना विचारायचं म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं झालं, म्हणून विचारलंही नाही.

आणि मग सन छप्पनचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, दिल्लीच्या ताब्यात राहणार, असं रेडिओवरून सांगितलं गेलं आणि गिरणगाव पेटून उठलं. गिरण्या बंद, रस्ते बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. सोमवारी गोळीबार झाला. राधाबाईंचा धाकटा दीर दत्ताराम सकाळी घोषणा देत गेला, तो संध्याकाळी चौघांच्या खांद्यावरून परत आला. त्यानंतर राधाबाई भांडायच्याच बंद झाल्या. दोन खोल्यांमधली ती शांतता जाईबाईंना सोसवेना.

मंगळवारी दुपारी अश्रुधुराचं एक नळकांडं वर उडून थेट गॅलरीत आलं. बायका ओली गोणपाटं घेऊन धावल्या, बादल्या ओतल्या, डोळे चोळत त्याचा धूर विझवला. सगळं निवळल्यावर जाईबाईंनी पाहिलं तर चार डबे आडवे, आणि जपानी दांडा मधोमध चेचलेला. लाल गोळा घरंगळत राधाबाईंच्या उंबऱ्याशी जाऊन पडला होता. खाली चेचलेल्या दांड्याचा बोटभर तुकडा चिकटलेला. वर फक्त एक ओरखडा.

जाईबाई मटकन खाली बसल्या आणि चक्क रडू लागल्या.

"माणसं मरतायत," राधाबाई दारातून म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "आणि तू झाडासाठी रडतेस?"

जाईबाईंनी पदराने डोळे पुसले. "माणूस तुटलं की मला जोडता येत नाही, राधाबाई. आलं असतं तर तुमचा दत्ताराम मी असा जाऊ दिला नसता. हे जोडता येतं. जे येतं ते मी करणार."

राधाबाई आत गेल्या.

गोळा सावलीत, फडक्यावर ठेवला. फार तर तीन दिवस, जाईबाईंनी मनाशी हिशेब केला. ह्या खेपेला पिलू नव्हतं. हा गेला की संपलं.

गावच्या तीनधारीचा एक दांडा डब्यात तयार होता. बुधवारी त्यांनी सुरीने त्याचं डोकं उडवलं. भळभळ पांढरं दूध वाहू लागलं. पुसलं, पुन्हा आलं. पुसता पुसता त्यांची नजर शेजारी पडलेल्या गोळ्यावर गेली आणि हात तिथेच थांबला. त्यांनी सुरी धुतली, गोळ्याखालचा चेचलेला तुकडा पातळसा कापला. दूध नाही. पाणी. स्वच्छ, किंचित बुळबुळीत पाणी.

"अहो," त्यांनी शामरावांना हाक मारली, "हे एका जातीचे नाहीतच."

"कोण?"

"निवडुंग! आपण सगळ्यालाच निवडुंग म्हणतो. मास्तर म्हणाले निवडुंगावर बांधा, मी आणला आपल्या कुंपणावरचा. पण तो दुधाचा. हा पाण्याचा. दुधावर पाण्याचं कलम कसं लागणार, सांगा बघू?" स्वतःवरच त्यांना असा राग आला की त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. दोन पिलं एका शब्दापायी मारली होती.

पाण्याचा निवडुंग कुठला? फार डोकं खाजवावं लागलं नाही. फड्या. भाकरीएवढ्या फण्यांचा, रानटी, कोणी डब्यात लावणार नाही असा. कापला की नुसता चिकट रस येतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. दोन गल्ल्या पलीकडे कोळशाच्या वखारीमागच्या भिंतीला तो माजलेला होता.

संचारबंदी सकाळी आठ ते दहा उठायची, दूध आणि रेशनपुरती. गुरुवारी जाईबाईंनी शामरावांना रेशनच्या रांगेत उभं केलं आणि स्वतः पिशवीत सुरी टाकून निघाल्या. पण रस्त्यात दगडांचे ढीग, नाक्यावर तारा, वळसे घालत वखारीपाशी पोचेपर्यंतच नऊ वाजून गेले. फड्याला हात घालायचा म्हणजे थट्टा नव्हे. मोठे काटे परवडले, पण ती बारीक कुसं कातडीत शिरली की आठवडाभर छळतात. जुने फणे चिवट, कोवळे पातळ. मनासारखा जाड, रसरशीत फणा हाती लागून फडक्यात गुंडाळला तेव्हा दहा वाजायला आले होते. परतताना गल्लीच्या तोंडाशीच काठी आडवी आली.

"थांबा. टाइम झाला, बाई. पिशवीत काय?"

हवालदार चाळिशीचा, डोळे जागरणाने लाल. त्याने पिशवीत हात घातला, "आई गं!" करून बाहेर काढला, आणि दुसऱ्यांदा जपून सुरी काढली.

"हत्यार? एकशे चव्वेचाळीस लागू आहे, माहीत नाही? कशाला आला होता?"

"कलमासाठी," जाईबाई म्हणाल्या.

"मी काय सांगतोय मग? कलम लागलंय!"

"अजून कुठे लागलंय? घरी जाऊन लावणार. उशीर झाला तर लागायचं नाही."

हवालदार बघतच राहिला. थट्टा करते की काय, म्हणून त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग फडकं उलगडून हिरवा फणा पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम बदलला.

"झाडाचा कलम? ह्याच्यार? याड लागला काय गो तुका? फड्याक कोण कलम बांधता!"

आपली मालवणी बोली कानावर पडताच जाईबाईंनाही धीर आला. "मी बांधतंय. तुम्ही खंयचे?"

"देवगड. सीताराम म्हणतत माका. बापाशीन हयातभर हापूसची कलमां बांधली." त्याने आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "काप दिलंस की लगेच बांध. वारो लागाक देव नको. आणि घट्ट."

"ता माका कळता. सूत गिरणीचा आसा."

नाक्यावर जीपचा आवाज झाला. सीताराम ताठ झाला, पुन्हा हवालदार झाला. "सुरी द्या इकडे. सायबाने बघितली तर तुम्ही आत आणि माझी नोकरी बाहेर. पळा."

जाईबाई पळाल्या. पन्नाशीला टेकलेली बाई, पायात वहाण नाही, छातीशी काटे. पळताना एकच विचार डोक्यात होता. सुरी घेणाऱ्या त्या हाताने सोमवारी बंदूक धरली असेल का?

घरी आल्या तर सुरी नाही. भाजीची विळी ह्या कामाला रांगडी, काप फाटका निघाला असता. शामरावांनी सोमवारपासून दाढी केली नव्हती. त्यांच्याकडे एकच कोरं पातं शिल्लक होतं, पुन्हा दुकानं उघडतील त्या दिवसासाठी राखलेलं. त्यांनी ते कागदातून काढून बायकोपुढे धरलं.

"आणि तुमची दाढी?"

"वाढू दे. मुंबई मिळाल्यावर करीन."

"मग साधूच व्हाल," जाईबाई म्हणाल्या. गेल्या चार दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी हसलं.

फण्याचं वरचं टोक एका झटक्यात आडवं कापलं. मग गोळ्याचं बूड, सुकलेला भाग जाईपर्यंत, चकती चकती करून. दोन्ही कापांत आत एकेक फिकट कडी दिसत होती. त्या कड्या एकमेकींना कुठेतरी भिडल्या पाहिजेत, नाहीतर वरच्याच्या तोंडी घास जाणार नाही. जाईबाईंनी गोळा टेकवला, किंचित फिरवला, सरकवला, दाबला. शामरावांनी फणा फडक्यात धरला. सुताचे आडवे उभे वेढे, आणि शेवटी ती गाठ, एकवीस वर्षांची, कुठेही न अडणारी. हातात कुसं इतकी शिरली होती की बोटं सुजली. गाठ मात्र पहिल्याच खेपेला बसली.

वाळूच्या डब्यात फणा उभा केला. पाणी नाही, ऊन नाही, हात लावायचा नाही. रोज सकाळी जाईबाई गुडघ्यावर बसून नुसतं बघत. चौथ्या दिवशी गोळा मलूल दिसला. सहाव्या दिवशी सूत सैल पडलं, ते त्यांनी श्वास रोखून आवळलं. दहाव्या दिवशी संचारबंदी पूर्ण उठली, गिरणीचा भोंगा वाजला. बाराव्या दिवशी त्यांनी सूत सोडलं, एका बोटाने गोळा हलकेच ढकलला. तो हलला नाही.

पाध्ये मास्तरांना त्यांनी पोस्टकार्ड टाकलं. "आपण निवडुंग म्हणालात, पण कुठला ते म्हणाला नाहीत. फड्यावर लागलं. चाळीतच आहे." बाकी मजकूर काही नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. साधा सदरा, धोतर, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. पण पोलिसाची चाल लपत नाही. गॅलरीत गप्पा मारणाऱ्या बायका एकदम मुक्या झाल्या. राधाबाई तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात सुपात थांबला.

सीतारामने पुडकं पुढे केलं. "तुमची सुरी. धार लावून आणली. काट्यांची बाई म्हणून विचारत आलो." मग जरा घुटमळून, "कलम लागला?"

जाईबाईंनी सुरी घेतली. आत या म्हटलं नाही. डबा उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला. सीताराम उकिडवा बसला आणि बराच वेळ जोड बघत राहिला. रानटी हिरव्या फण्यावर तो लाल गोळा टुमटुमीत बसला होता, आणि त्याच्या कुशीत मोहरीएवढं नवं पिलू.

"माझ्या बापाशीचो हात असो होतो," तो म्हणाला. उठला. राधाबाईंच्या भिंतीवरचा हार घातलेला फोटो त्याला उघड्या दारातून दिसला. त्याने मान खाली घातली आणि तसाच जिना उतरून गेला.

"पाणी सुद्धा विचारलं नाहीस त्याला," राधाबाई म्हणाल्या.

"नाही विचारलं."

राधाबाई सूप बाजूला ठेवून उठल्या, डब्यापाशी आल्या. वाकून पिलाकडे पाहिलं. "हे मोठं झालं की मला एक बांधून दे. दत्तारामच्या फोटोखाली खिडकी आहे, तिथे ठेवीन."

जाईबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सहा महिने तरी लागतील."

"लागू देत."

"आणि काट्याने घरात भांडण होतं ना, राधाबाई?"

"होऊ दे," राधाबाई म्हणाल्या. "अजून भांडायचंच आहे."