चौकटीवरची रेघ

“मग जाऊन राहा तू त्या बाजारात, ट्रकांच्या धुरात,” तो म्हणाला, “आणि आई जिन्यावरून पडली की मला फोन कर.”

जिन्यावरून पडायला त्यांना आधी जिना सापडायला हवा, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पलीकडच्या खोलीत सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि मधे नुसता पडदा होता, म्हणून तिने ते गिळलं.

“बाजारात राहायला मी काही उतावीळ झालेली नाही,” ती म्हणाली. “या घराला हो म्हणायचं नाही, एवढंच मला कळतंय.”

“कारण?”

“सांगून झालंय.”

“फ्रॉक!” त्याने छताकडे बघून हात जोडले. “हवेशीर घर, खाली बाग, हाकेच्या अंतरावर शाळा, आणि बाईसाहेबांना ते नको, का, तर पोरीला फ्रॉक लांब होतोय!”

फ्रॉक शिलाई मशीनवर पडलेला होता. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. दोघांनीही त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

भांडण सकाळपासूनचं होतं आणि ते आजच मिटायला हवं होतं, कारण चहाच्या वेळेला दलाल येणार होता आणि त्याला हो किंवा नाही, काय ते एक हवं होतं. बदली होऊन या शहरात आल्यापासून ते याच घरात तात्पुरते राहत होते. कंपनीने म्हटलं होतं, आधी राहून बघा, शहर हिंडा, मग कुठे बस्तान बसवायचं ते ठरवा. तसे ते हिंडले. नदीपलीकडच्या नव्या इमारतींजवळ शाळा नव्हती, स्टेशनाकडच्या घरांत भर दुपारी दिवा लावावा लागत होता, आणखी एका ठिकाणी मालकिणीने पहिल्या भेटीतच मूल रडकं आहे का विचारलं, तेव्हा ही ‘मूल नाही, पण मी आहे’ असं म्हणून चप्पल घालून चालती झाली होती. गाळून गाळून दोन जागा उरल्या : घाऊक भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर, आणि टेकडीच्या उतारावरचं हे.

उतारावरची ही वस्ती पाहणाऱ्याला पाहताक्षणी आवडावी अशीच होती. रस्ते रुंद नव्हते पण स्वच्छ होते, कुंपणांच्या मेंदी एका उंचीवर राखलेल्या होत्या, कुठे पडझड नव्हती आणि कुठे नवं बांधकामही चाललेलं नव्हतं. कुणी कुणावर ओरडत नसे. समोरच्या घरातली बाई पहिल्याच दिवशी थर्मासभर चहा घेऊन आली, पोरीचा गालगुच्चा घेऊन ‘छान वयाची आहे हो’ म्हणाली, आणि तिचा मुलगा दारात उभा राहून भोवरा फिरवत राहिला. माणूस नव्या गावात जीव मुठीत धरून येतो. त्याला असं कुणी भेटलं की तो फार खोलात शिरत नाही. हीही शिरली नव्हती.

पण ती कपडे शिवणारी बाई होती, आणि शिवणाऱ्या बाईची नजर माणसाच्या तोंडाआधी त्याच्या कपड्यांच्या कडांवर जाते. मशीनवर तिला सासूबाईंनी बसवलं होतं, लग्नानंतर लगेच, ‘रुसायला वेळ मिळाला की सुना बिघडतात’ असं म्हणून. आणि मग स्वतःच शेजारी स्टूल घेऊन बसून, बोटावर टाचणी टोचली की ‘झालीस पक्की’ म्हणत, तिला कापण्यापासून काजं करण्यापर्यंत सगळं शिकवलं होतं. घरात अलीकडे दर वर्षी दोन कामं ठरलेली असत. पोरीचे, म्हणजे भिंगरीचे, फ्रॉक शिवताना ती खाली भरपूर कापड आत दुमडून ठेवी आणि पोर वाढली की ती दुमड उसवून फ्रॉक लांब करी. आणि सासूबाईंचे गाऊन ती बोटबोटभर आखूड करी, कारण म्हातारी आखडत चालली होती. एकाच सुईने एकीचं खाली सोडायचं आणि दुसरीचं वर घ्यायचं. सासूबाई म्हणत, ‘एक दिवस माझे गाऊन पोरीच्या कापडातच बसतील, कापड वाचेल.’

दुमड उसवली की एक गोष्ट चुकत नाही. बाहेरचं कापड धुऊन धुऊन विटलेलं असतं आणि आतलं कोरं. त्यामुळे वाढवलेल्या कपड्यावर खाली गडद रंगाचा पट्टा उमटतो. जिथे पोरं आहेत तिथल्या वाळणाच्या दोऱ्यांवर असे पट्टे दिसतातच. इथे गच्चीवर उभं राहिलं की साऱ्या वस्तीच्या दोऱ्या दिसत, पोरांच्या कपड्यांनी भरलेल्या. कपडे इतके विटलेले की मूळ रंग कोणता हे सांगता येऊ नये, कोपरांना रफू, रफूवर रफू, आणि पट्टा एकाही कपड्यावर नाही. दुमड सगळ्यांची जिथल्या तिथे. तिला प्रथम वाटलं, इथल्या बायकांना शिवण येत नसावं, आपला धंदा बरा चालेल. कामं आलीही. बटणं, चेन, फाटलेले खिसे. ‘वाढवून द्या’ असं म्हणत एकही बाई आली नाही.

शेवटी समोरचीने मुलाची विजार खिसा शिवायला दिली तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, “आत पुष्कळ कापड आहे, लांब करून देऊ का?”

“कशाला?” समोरची हसली. “त्याला होते की.”

“आता होते. पुढे लागेल.”

समोरची हसतच राहिली, पण पाहुण्याने भलतंच काहीतरी मागितलं तर यजमानीण जशी हसते तशी, आणि तिने विजार तशीच परत नेली. खिसा फाटलेलाच राहिला.

त्यानंतर तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या चौकटीकडे गेलं. आधी राहणाऱ्यांनी तिथे मुलाची उंची पेन्सिलीने नोंदलेली होती. असं सगळेच करतात. चौकटीवर रेघांची शिडी तयार होते आणि घर सोडून जाताना बाई तिच्यावर हात फिरवून रडते. इथे शिडी नव्हती. रेघ एकच होती, पण इतक्यांदा गिरवलेली की लाकडात खाच पडली होती. नख घातलं तर नख आत जाई. ती खाचेवर बोट ठेवून उभी असताना भिंगरी पळत आली आणि चौकटीला पाठ लावून टाचा टेकवून उभी राहिली.

“आई, बघ, मी बरोब्बर!”

बरोबर होती. केसभरही कमी नाही, जास्त नाही.

हे सगळं तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं असं नाही. पण तो दुसऱ्याच सुखात होता, आणि ते सुख खोटं नव्हतं. जुन्या गावी सासूबाईंचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी मीठ दोनदा पडलं, मग गॅस तसाच राहिला, मग एकदा त्या कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या आणि संध्याकाळी कुण्या परक्या माणसाने त्यांना आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, हे उतरणीचं दुखणं आहे, पुढे मुलालाही ओळखणार नाहीत. तो तेव्हा बाहेर येऊन गाडीत नुसता बसून राहिला होता. इथे आल्यापासून मात्र ती उतरण थांबली. विसरलेलं परत आलं नाही, पण नवं काही गेलंही नाही. शीतगृहातल्या कामावरून आला की आई त्याला नावाने हाक मारी, तो बारीक झाला म्हणून सुनेला बोल लावी, आणि तो मुद्दाम पुन्हा दाराबाहेर जाऊन पुन्हा आत येई, ती हाक दुसऱ्यांदा ऐकायला. हे तिने पाहिलं होतं. अशा माणसाला फ्रॉकचं काय सांगायचं?

आणि तिलाच का बरं वाटत नव्हतं? सकाळी उठून सासूबाईंच्या बिछान्याशी जाताना आज काय गेलेलं असेल ही धास्ती आता नव्हती, ते काय तिला नको होतं?

शिवाय तिला पुरतं ठाऊक कुठे काय होतं? निळा फ्रॉक आल्या आल्या शिवला होता, जरा लांबच, सुट्टी संपेपर्यंत बेताचा होईल म्हणून. सुट्टी संपली, शाळा लागली, आणि पोर अजून त्यात पाय अडकून पडत होती. पोरं काही वेळा थांबतात आणि मग एकदम वाढतात. भिंगरीचा पुढचा एक दात या घरात आली तेव्हाच हलत होता. जिभेने ढकलून ढकलून तिला त्याचा खेळ झाला होता, दात काही पडत नव्हता. दातांचंही असं होतं. प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर होतंच.

मग काल ते सगळे बाजारामागचं घर पाहायला गेले.

गल्ली गजबजलेली होती. हमाल, हातगाड्या, सडक्या कोबीचा वास, वरच्या मजल्यावरून कुणीतरी कुणाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. समोरच्या दोऱ्यांवर पोरांचे कपडे होते आणि त्यांतल्या कितीतरी कपड्यांच्या खाली गडद पट्टे होते. तिला ते बघून हसू आलं. घर तसं वाईट नव्हतं. जिना अंधारा, पण खिडकीतून ऊन येत होतं. भिंगरी तिथे काकडी खात होती. तिने एक चावा घेतला आणि “आई!” म्हणून हात पुढे केला. तळहातावर दात होता.

“पडला! पडला!” ती नाचायला लागली, आणि तो तिला उचलून घ्यायला वाकला, तेव्हा मागून सासूबाई अगदी सौजन्याने म्हणाल्या, “आपण कोण? आपल्याला कुठे पाहिल्यासारखं वाटतंय.”

तो तसाच वाकलेला राहिला.

परत यायला त्यांनी टॅक्सी केली. उतार चढून आपल्या दाराशी आल्यावर सासूबाईंनी त्याला नावाने हाक मारली आणि किल्ली कुठे वेंधळ्यासारखी ठेवलीस म्हणून झापलं.

“दात केव्हातरी पडणारच होता,” तो आता म्हणाला. सकाळपासून हे तो बऱ्याचदा म्हणाला होता.

“मग इथे का नाही पडला?”

“मी काय दातांचा डॉक्टर आहे?”

“नाही. तुम्ही शीतगृहातले.” तिचा आवाज चढला आणि तिला तो आवरेना. “बटाट्यांना कोंब फुटू नयेत म्हणून तुम्हाला पगार मिळतो. पण ही माझी पोर आहे. तिला मी कोंब फुटावेत म्हणूनच जन्माला घातलीय.”

शर्टाच्या खिशातून त्याने काडेपेटी काढली. तिच्यात तो दात होता, हे तिला तेव्हा कळलं. त्याने काडेपेटी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

“काल आईने मला ‘आपण’ म्हटलं,” तो हळूच म्हणाला. “तू तिथे होतीस. माझं तोंड पाहिलंस तू. आणि तरी तुला तिला तिकडे न्यायचंय.”

“त्यांनी मला सुई धरायला शिकवली हो. मला काय ते सोपं आहे?”

“मग?”

“मग भिंगरी,” ती म्हणाली.

“माझी आई आहे ती.”

“आणि ही माझी मुलगी आहे.”

खाली बागेत पोरं खेळत होती आणि त्यांत भिंगरीचा आवाज होता. रोजचाच खेळ, रोजच्याच ओळीने म्हटलेली नावं. फाटकाची कडी वाजली. दलाल वेळेवर आला होता, आणि तो खालूनच कुणाशी तरी हसून बोलत असल्याचं ऐकू येत होतं. नवऱ्याने काडेपेटी खिशात टाकली आणि तो दाराकडे निघाला. ती त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. आयुष्यात ती कधी कुणाच्या अशी आडवी आलेली नव्हती.

तेव्हा पडदा सरला. सासूबाई हातात मटारांचं भांडं धरून उभ्या होत्या. ताठ होत्या. अंगात तोच करडा गाऊन होता, जो इथे आल्याच्या आठवड्यात सुनेने बोटभर आखूड करून दिला होता आणि ज्याला त्यानंतर पुन्हा हात लावावा लागला नव्हता. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी जाऊन भांडं खाली ठेवलं, आणि त्या खाचेत अंगठ्याचं नख घालून, मशीनवरची शिवण तपासावी तशी ती शेवटपर्यंत तपासली.

“आई, तू आत बस,” तो म्हणाला.

“बसलेलीच होते. पडद्याला कान असतात, मला तर दोन आहेत.” मग त्या सुनेकडे वळल्या. “त्याला सांग, टेम्पो बोलाव. मशीन आधी चढवा, नाहीतर पाय मोडेल तिचा. माझं काही बांधू नका.”

“आई—”

“गप रे. मला इथे सगळं आठवतं, तेवढं मला पुरे आहे,” त्या म्हणाल्या, आणि जिन्यावर दलालाची पावलं वाजत असताना, उद्याच्या भाजीचं सांगावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी पुढचं सांगितलं : “फक्त पोरीला बजावून ठेवा, माझ्या वयाची झालीस की एकदा येऊन जा म्हणावं, दार मीच उघडेन.”