एर्सांदची तिसरी सोयरीक

वडील गेले तेव्हा एर्सांद अकरा वर्षांची होती. भाऊ नव्हता, म्हणून मोंब्रॅकची गढी आणि नदीच्या दोन्ही काठांवरची सात गावं तिच्या नावावर आली. पाठोपाठ नवराही आला, कारण वारस मुलीचं लग्न ठरवायचा हक्क काउंटचा, त्या मुलखाच्या सरदाराचा. पहिला नवरा तापानं गेला, दुसरा लढाईत. कारभार मात्र तिनंच ओढला. चर्चच्या अंगणात खुर्ची टाकून ती निवाडे करायची आणि लोक ते मानायचे.

ती चौतीस वर्षांची झाली तेव्हा काउंटनं तिसरं स्थळ काढलं, त्याच्याच बायकोचा भाऊ गोबेर. सरपणाची फांदी तोडली म्हणून या गोबेरनं एका म्हाताऱ्याचा हात तोडला होता. नको म्हणायला एर्सांद स्वतः काउंटच्या किल्ल्यावर गेली. त्यानं शांतपणे ऐकलं, हरणाचं मांस वाढलं, चांगली खोली दिली. सकाळी निघावं तर घोड्याचा नाल निघालेला. दुसऱ्या दिवशी वाट चिखलाची. मग सण तोंडावर आला. असे पाच आठवडे गेले. दाराला कुलूप नव्हतं, पण ती जाईल तिथे काउंटच्या बहिणी शिवण घेऊन येऊन बसत.

शेवटी, जोगीण होऊन मठात जाते, असं ती म्हणाली.

"जा की," काउंट म्हणाला. "मग जमीन माझी, आणि तुझ्या गावांवर गोबेर एकटाच धनी."

त्याच संध्याकाळी तिनं होकार दिला. अट एकच, निवाडे तिच्या नावानं व्हावेत. काउंटनं शब्द दिला.

लग्नानंतर निवाड्याच्या पहिल्याच बैठकीला गोबेर तिच्या खुर्चीत बसला. ती बाजूला उभी राहिली. ग्विबूर नावाची म्हातारी आली आणि वरच्या गिरणीवाल्यानं पाणी अडवल्याचं एर्सांदकडे बघूनच सांगू लागली.

"इकडं बोल म्हातारे. धनी मी आहे."

"असाल हो. पण मला कमी ऐकू येतं. बाईसाहेबांचा तेवढा आवाज कळतो."

अंगण खुदखुदलं. एर्सांदनं उभ्यानंच निवाडा दिला. काउंटनं शब्द दिलेला, म्हणून गोबेरला तो मानावा लागला.

जेवताना तो म्हणाला, "तुझा घोडा आता मला विचारल्याशिवाय तबेल्याबाहेर जाणार नाही."

"आणि पलीकडची गावं?"

"येतील की इथं. पाय आहेत त्यांना."

ती विचारायला गेली की तो नाही म्हणे. पुढं पुढं तिनं विचारणंच सोडलं. गावं मात्र येत राहिली. अकरा वर्षं तिनं असा कारभार केला. पलीकडच्या काठाची पोरं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, बांधावरून भांडणं लागली, आणि ती भांडणं घेऊन आली तेव्हाच तिनं त्यांची तोंडं पहिल्यांदा पाहिली.