साल्तिएलमामाची उलटी पट्टी

पेर्लामावशी दर शुक्रवारी सकाळी बोरेकासचा, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचा डबा घेऊन दुकानात यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "सलोनिकाहून काही आलं का गं?"

तेल अवीवच्या फ्लोरेंतिन वस्तीतल्या त्या दुकानात शिफ्रा आणि तिचे वडील गेदाल्या व्हायोलिनं दुरुस्त करायचे. नाझींच्या छावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची व्हायोलिनं पुन्हा वाजती करायची, हे बापलेकीचं वेडच होतं. मावशीला हवं होतं भावाचं, मोईसचं. त्रेचाळीस साली ग्रीसमधल्या सलोनिकातून आगगाडीत भरून छावणीत नेलेल्या तिच्या घरातली ती एकटी परतली होती. मोईसचा साधा फोटोही उरला नव्हता.

"काहीतरी खूण सांगा ना, मावशी," शिफ्रा म्हणायची.

"तपकिरी होतं," एवढं बोलून मावशी ओठ मिटायची. आता बोला! तपकिरी नसलेलं व्हायोलिन दाखवा एखादं. सात वर्षं शिफ्रा हेच ऐकत होती.

त्या शुक्रवारी टेबलावर अथेन्सहून आलेलं व्हायोलिन उघडं पडलं होतं. शेजाऱ्यांनी आमच्याकडे ठेवायला दिलेलं, पण शेजारी कोण ते सांगणारं आता कुणी नाही, अशी चिठ्ठी सोबत होती. तारा नाहीत, खुंट्या नाहीत, पोटाला चीर. वरची फळी काढली तर आतली लाकडी पट्टी चक्क उलट्या बाजूला! ही पट्टी जाड तारेखाली असते, हे व्हायोलिन करणाऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"काढून टाक," गेदाल्या म्हणाले. "नवी बसवू."

"आणि बाबा, हनुवटीनं घासलेला डागही उजवीकडे आहे."

"जुने लोक तिकडेच टेकवायचे हनुवटी. तू पटाशी चालव."

शिफ्राने पटाशी पट्टीच्या कडेला लावली. तेवढ्यात दार ढकलून मावशी आत आली. गेदाल्यांचं तोंड चालूच होतं, "काय ठोकलंय बघ! कुण्या खुर्च्या करणाऱ्या गाढवाने—"

"गाढव कुणाला म्हणतोस रे?" टेबलावरची उलटी पट्टी पाहून मावशी अशी कडाडली की डबा हातातून सुटला आणि बोरेकास जमिनीभर झाले. "साल्तिएलमामा खुर्च्याच करायचा! पण गाढव नव्हता तो!"

शिफ्राने पटाशी मागे घेतली. "मावशी, हे तुमच्या मामाने केलंय? का?"

मावशीने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. पंचावन्न वर्षांनंतरही, बरं का! "मोईस डावखुरा होता. बाबांना तो अपशकुन वाटायचा. जेवताना त्याचा डावा हात खुर्चीला बांधायचे. मामाने चोरून व्हायोलिन उलटं करून दिलं. बाबा बाहेर गेले की मोईस खिडक्या लावून वाजवायचा. आईने मला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही."

"म्हणून सात वर्षं गप्प बसलात?" शिफ्रा ओरडलीच. पट्टी, डाग, सगळं जागच्या जागी होतं, चुकलं काहीच नव्हतं! आणखी दोन मिनिटं मावशीला उशीर झाला असता तर मोईसची एकुलती एक खूण केरात गेली असती! तिने पटाशी लांब भिरकावली.

गेदाल्या खाली वाकून बोरेकास गोळा करत होते. "गाढव मीच," ते पुटपुटले. "चाळीस वर्षं व्हायोलिनं जोडणारं गाढव."

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मावशी म्हणाली आणि रडता रडता हसली.

पट्टीला कुणी हात लावला नाही. चीर बुजली, फळी बसली, तारा उलट्या क्रमाने चढल्या. तीन आठवड्यांनी मावशी आली तेव्हा शिफ्रा स्वतःच वाजवायला उभी राहिली. उजव्या खांद्यावर व्हायोलिन, डाव्या हातात गज. जन्मात कधी धरलं नव्हतं असं. पहिला सूर असा किंचाळला की गेदाल्यांनी कान झाकले.

"तोही पहिल्या आठवड्यात अस्साच वाजवायचा!" मावशीने टाळ्या पिटल्या. "थांबू नकोस! वाजव!"

मग ती उठली, खिडकीपाशी गेली आणि तिच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या. शिफ्रा वाजवत राहिली. दुसरा सूर जरा बरा आला, तिसरा चांगलाच आला.

समोरचा सुतार रंधा थांबवून ओरडला, "काय हो बाई, मांजर मारताय का?"

पेर्लामावशी खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "माझ्या भावाचं व्हायोलिन आहे ते! मोईस नाव त्याचं! आणि डावखुरा होता तो, ऐकलंत का? डावखुरा!"