तेरावा थर

पिंपळनेरजवळच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या, टेकाडावर लीलाधर दोन महिने खणत होता, ते एका हट्टापायी. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथं राहिलेली माणसं रानातलं वेचून, शिकार साधून पुढं जाणारी नव्हती. बारमाही घर करून बसलेली होती, असं त्याचं म्हणणं. पुण्याचे सर म्हणत, "चार महिन्यांचा मुक्काम असेल. पुरावा दाखव, नाहीतर पुढच्या साली, सत्त्याऐंशीत, उत्खनन बंद." सर आज येणार होते आणि लीलाधरच्या हाती होती फक्त एका गोल झोपडीची भुई, भाकरीचा चतकोर मोडावा तशी एका बाजूनं उभी कापलेली.

सकाळी तो खड्ड्यापाशी आला. भुई शेणानं झकास सारवलेली. कडेला रांगोळीसुद्धा.

"झुंबरबाई! हे काय केलंत?"

माती चाळता चाळता मजुरीवरची झुंबरबाई म्हणाली, "पाहुना येतस ना आज? उखडेल भुई दखाडशात का त्यास्ले? भाऊ, तुम्हना घर फरशी शे, तुम्हले काय ठाऊक!"

हे टोचलं, कारण खरं होतं. रावेरकडच्या केळीवाल्या घरातल्या लीलाधरनं सारवण पाहिलं होतं ते लग्नाच्या मांडवात.

"उद्यापासून येऊ नका!" तो ओरडला, तोवर जीप आलीच.

सरांनी खड्ड्यात उतरताना चपला काढल्या. सारवल्या भुईवर चपला घालून जातो कोण? मागून लीलाधरही उतरला. सरांनी वाकून कापलेली कड पाहिली. "थर आहेत खरे. पण दर साली यायचे, सारवायचे, जायचे."

"नई आबा." झुंबरबाईनं खुरपीचं टोक कडेला लावलं. "हाऊ पातळ, उन्हाळाना. हाऊ जाड, मुरूम घालेल, पावसाळाना. भुईले वल येस ना. दखा, पातळ, जाड, परत पातळ. उन्हाळामाबी बाई आठे घरमा, पावसाळामाबी आठे घरमा. मंग बाई कव्हय गयी?"

सर पुन्हा कडेशी वाकले. खालच्या थरापासून बोटानं मोजत वर आले. "तेरा. लिही, तेरा थर."

लीलाधरचा पेन अडला. तेरा लिहिले असते तर कोणाच्या बापाला कळणार होतं?

"बारा, सर. तेरावा आज सकाळचा."

सरांनी आपल्या अनवाणी पायांकडं पाहिलं. "म्हणजे वस्ती अजून उठलेलीच नाही म्हण की! चालू ठेव पुढच्या साली."

झुंबरबाईनं चाळणी उपडी ठेवली. "मी तं उद्यापासीन येवानं नई ना, भाऊ?"

"या हो, अक्का."

"येसू. पन पहिले रांगोळीवरतीन पाय काढा."